कार्डसाहेबांची मागची ओळख

निरोपसमारंभाला येताना माणूस खिशात रुमाल घेऊन येतो. आमचे कार्डसाहेब खिळा घेऊन आले होते.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, हार घातला, घड्याळ हातात दिलं. कार्डसाहेबांनी ते तिथल्या तिथे उलटं केलं, शर्टाच्या खिशातून एक गंजलेला, मानेत किंचित वाकलेला खिळा काढला आणि घड्याळाच्या पाठीवरच्या भोकात घालून पाहिला. कँटीनमध्ये दीडशे माणसं बसलेली. टाळ्या वाजता वाजता थांबल्या. खिळ्याचं डोकं भोकात जाईना. साहेबांनी सरळ घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं, मग माइकसमोर उभं राहून शांतपणे म्हणाले, "हा माझ्या बैठकीतल्या भिंतीचा खिळा. सव्वीस वर्षं आहे. आज सकाळी उपटून आणला. घड्याळ देखणं आहे, पण त्याला मागची ओळख नाही."

मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून घड्याळ बदलून दिलं. जाताना त्या माणसाजवळ खिळाही द्यावा लागला.

हे कार्डसाहेब आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. सत्तरच्या दशकात नाशिकमध्ये संगणक ही वस्तू किती जणांनी डोळ्यांनी पाहिली असेल, हे बोटांवर मोजता आलं असतं. आमच्या कारखान्याने तो घेतला आणि त्याच्यासाठी एक गार खोली बांधली, आणि त्या खोलीत साहेबांची स्थापना केली. ते यंत्र पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालायचं. पोस्टकार्डाहून थोडं लांब कार्ड, त्याला बारीक चौकोनी भोकं. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ. पाचशे ओळींचा प्रोग्रॅम म्हणजे पाचशे कार्डांचा गठ्ठा, तो क्रमाने यंत्राला खाऊ घालायचा. साहेबांच्या शर्टाच्या खिशात कायम सात-आठ कोरी कार्डं असत. भाजीची यादी कार्डावर, डॉक्टरांचं औषध कार्डावर, मुलीच्या लग्नात आहेर कोणी काय दिला तेही कार्डावर. त्यांना दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं.

कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला तर काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. पाचशे ओळी जमिनीवर पसरतात आणि कुठली कोणानंतर हे परमेश्वरालाही सांगता येत नाही. म्हणून प्रोग्रॅमर लोक गठ्ठा घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढतात. गठ्ठा सांडला, की प्रत्येक कार्डावरचा ठिपका बघत रेघ पुन्हा जुळवायची. ही युक्ती जगभरची आहे. साहेबांनी ती संसारात आणली, एवढंच त्यांचं वेगळेपण. त्यांच्या घरी रद्दीच्या गठ्ठ्यावर तिरकी रेघ असे. धुऊन आलेल्या चादरींवर खडूची रेघ असे. एकदा मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा काकूंनी उडदाच्या पापडांचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. पापडांच्या चळतीच्या कडेवरून हळदीची तिरकी रेघ गेलेली.

"बघा," काकू म्हणाल्या. "आता पापड तळायचे तेही वरून खाली, क्रमाने. मधला काढला तर यांना कळतं."

"मधला काढायचं कारणच काय?" आतून साहेबांचा आवाज आला.

पण ही सगळी वरवरची लक्षणं. मूळ दुखणं एकच होतं आणि त्याला ते 'मागची ओळख' म्हणत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नवीन वस्तू जरूर यावी, पण आल्यावर तिने जुनीला ओळखलं पाहिजे. नव्या कुलपाला जुनी कडी चालली पाहिजे. नव्या दिव्याला जुना होल्डर चालला पाहिजे. त्यांनी नवी सायकल घेतली ती एका अटीवर, की तिला जुन्या सायकलीचा कॅरिअर बसला पाहिजे, कारण त्या कॅरिअरवर त्यांचा डबा बरोबर बसायचा. तीन दुकानं पालथी घातली. शेवटी अशी सायकल मिळाली. ते पंचवटीहून सातपूरला त्या चकचकीत हिरव्या सायकलीवरून यायचे तेव्हा मागे गंजका कॅरिअर खुळखुळत असे. रविवार कारंजावरच्या एका हार्डवेअरवाल्याने तर त्यांना बघितलं की शटर अर्धं ओढावं असं ठरवून टाकलं होतं, कारण सगळे नट-बोल्ट मिलिमीटरचे झाल्यावरही साहेब तिथे उभे राहून इंची आट्यांच्या बाजूने तास तासभर वकिली करायचे.

आता माझं सांगतो. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या विभागात लागलो. मुंबईला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेलो, कॉलर मोठी, बेलबॉटम नुकतीच मागे पडत चाललेली. जुनं म्हणून जे काही दिसेल ते खिडकीतून बाहेर टाकायचं, असा माझा साधा कार्यक्रम होता. पहिल्याच दिवशी मी साहेबांना विचारलं, की हे दहा-दहा वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम आपण नव्याने का लिहीत नाही? साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून मला नावाने कधीच हाक मारली नाही. माझं नाव पडलं 'नवे'. "काय नवे, चहा घेणार?" "नवे, तुमचा गठ्ठा अडकलाय."

दुपारी तीनला चहा यायचा आणि तीन वाजून पाच मिनिटांनी आमचा वाद सुरू व्हायचा. दोघांनाही त्याचं व्यसन लागलं. कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या मुली, स्टोअरचे कारकून, कोणी ना कोणी कप घेऊन दाराशी येऊन उभं राहायचं. मी हातवारे करून सांगायचो, की नव्याच्या पायात जुन्याचं लोढणं बांधलं तर ते पळणार कसं. साहेब शांतपणे बशीत चहा ओतायचे.

"नवे, अंगातल्या शर्टाचं कापड कसं घेतलंत?"

"कसं म्हणजे? दोन मीटर."

"आणि शिंप्याने छाती किती मापली?"

छाती चौतीस होती. इंच.

"म्हणजे कापड मीटरने घेता आणि शिवता इंचाने," साहेब म्हणाले. "शिंप्याची टेप बघितलीत? एका बाजूला इंच, पालथी केली की सेंटिमीटर. मीटर आला म्हणून त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं का, की तुमची छाती आता नव्याने मोजून आणा? त्या शिंप्याला कंपन्यांनी कंपायलर लिहायला ठेवायला हवं."

दाराशी हशा पिकला. मी त्यानंतर आठवडाभर सफारी घातला, जणू त्याची छाती मीटरने मोजली होती.

कंपायलर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो तो इंग्रजीसारख्या भाषेत, आणि यंत्राला कळते फक्त त्याची स्वतःची भाषा. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. तोही एक प्रोग्रॅमच, कंपनीकडून आलेला. आमच्याकडे तो कार्डांच्या चार लांब ट्रेमध्ये असायचा, आणि खंडेनवमीला बाकी कारखाना लेथ आणि ड्रिलला झेंडू वाहत असताना साहेब त्या चार ट्रेना हळदकुंकू लावायचे. अगदी बेताने, कडेला. भोकात कुंकू गेलं असतं तर दुभाषा बिघडला असता.

आणि मग नवीन यंत्र यायचं ठरलं. त्याच कंपनीचं, चौपट वेगाचं, सोबत नवा कंपायलर. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. साहेबांनी दोन अटी घातल्या. पहिली, नव्या यंत्राला कार्ड वाचायचं तोंड हवं. ती कंपनीने नाक मुरडत मान्य केली. दुसरी, साहेबांचा सर्वांत जुना प्रोग्रॅम, यंत्र आलं त्याच वर्षी लिहिलेला हजेरीचा प्रोग्रॅम, नव्या कंपायलरवर एक अक्षरही न बदलता चालला पाहिजे. कंपनीचा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, चालेल. त्यावर जुनं यंत्र भंगारात गेलं.

हा हजेरीचा प्रोग्रॅम साधा नव्हता. कारखान्यात साठ-सत्तर माणसं तात्पुरती म्हणून राबत होती. बऱ्याच भांडणांनंतर युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात ठरलं होतं, की ज्याचे हजेरीचे सहाशे दिवस भरले त्याला मार्चअखेर कायम करायचं, आणि उरलेल्यांना एप्रिलपासून घरी पाठवायचं. पूर्वी ही यादी हाताने व्हायची आणि दर वेळी कोणा साहेबाचा भाचा त्यात वर सरकायचा. म्हणून यादी संगणकानेच काढायची, त्याच जुन्या प्रोग्रॅमवर काढायची, आणि खाली कार्डसाहेबांनी सही करायची: 'प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल केलेला नाही.' असं करारात लिहिलेलं होतं.

त्या साठ-सत्तरांतल्या एक होत्या आमच्या पंचिंगच्या गांगुर्डेबाई. वय चोवीस. आधी नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या बालवाडीत शिकवायच्या, मग टायपिंगच्या परीक्षा देऊन आमच्याकडे आल्या. अडीच वर्षं दर काही महिन्यांनी त्यांना ब्रेक मिळायचा, पंधरा दिवस घरी, की पुन्हा हजर. आपले दिवस त्या एका खिशातल्या डायरीत स्वतः मांडायच्या. सहाशे बारा. वरचे बारा दिवस एवढाच त्यांचा आधार. घरात कायम नोकरी लागलेलं पहिलं माणूस त्या होणार होत्या, आणि हे सांगताना त्या आवाज खाली आणायच्या, जणू मोठ्याने म्हटलं तर ते बारा दिवस पळून जातील.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने तो गठ्ठा नव्या यंत्राच्या तोंडात ठेवला. तिरक्या रेघेचा, कडा काळ्या पडलेला. खर्रर्र करत कार्डं आत गेली. कंपायलरने एकही चूक काढली नाही. एकसुद्धा नाही! साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि आयुष्यात प्रथमच सगळ्या विभागाला स्वतःकडून चहा आणि बटाटेवडे सांगितले. "नवे," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "याला म्हणतात मागची ओळख." मी मान खाली घातली. वडा मात्र घेतला.

तेवढ्यात यादी छापून बाहेर आली.

यादीप्रमाणे गांगुर्डेबाईंची हजेरी होती चार हजार आठशे बारा दिवस. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर बाई वयाच्या आठव्या वर्षी आमच्याकडे रुजू झाल्या होत्या. पॅकिंगचा एक मुलगा नऊशे वर्षं काम करत होता. वेल्डिंगमधले एक गृहस्थ बहुधा पांडवलेण्यांच्या कामावर असावेत. सगळ्या यादीत एकट्या माळीकाकांचे दिवस बरोबर आले होते. ते सिन्नरकडचे. यादी हातात धरून म्हणाले, "माझं बराबर हाय. ह्या मशीनला माणूस कळतो."

साहेबांचा वडा तसाच राहिला.

आम्ही दोन दिवस डोकं फोडलं. कार्डं तपासली, यंत्र तपासलं, पुन्हा चालवलं. या वेळी वेगळेच आकडे. पॅकिंगचा मुलगा एकदम चाळीस दिवसांवर आला आणि माझ्या टेबलासमोर येऊन रडकुंडीला आला. आता कारखानाभर कुजबुज सुरू झाली, की यादी फिरवताहेत.

तिसऱ्या दिवशी गांगुर्डेबाई डायरी आणि पहिली यादी घेऊन आल्या. चार हजार आठशे बारातून त्यांनी आपले सहाशे बारा वजा केले होते. उरले चार हजार दोनशे.

"साहेब, हा आकडा माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "पाऊण इंची बोल्ट. स्टोअरची यादी त्या दिवशी आपल्या आधी चालवली होती ना? ते कार्ड मीच पंच केलंय. चार हजार दोनशे."

मी स्टोअरची यादी ओढून काढली. आठव्या ओळीत पाऊण इंची बोल्ट, चार हजार दोनशे. आमच्या यादीत आठव्या ओळीत गांगुर्डेबाई. मग मी बाराव्या ओळीवर गेलो. आमच्या यादीत बारावे माळीकाका. स्टोअरच्या यादीत बारावे पितळी वॉशर. शिल्लक शून्य. वॉशर संपले होते, म्हणून माळीकाका तेवढे बरोबर आले होते. यंत्राला कळलेला माणूस तो!

आता सगळा उलगडा झाला. यंत्राची स्मृती म्हणजे शाळेतला फळा समजा. जुना कंपायलर प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी तो फळा स्वच्छ पुसून द्यायचा. नवा कंपायलर पुसत नव्हता. आधीच्या तासाची गणितं तशीच ठेवायचा, आणि आमची हजेरी त्यांच्यातच मिळवली जायची; दुसऱ्या वेळी आधीच्या प्रोग्रॅमचा उणे आकडा उरला होता, म्हणून पॅकिंगचा मुलगा चाळीसवर आला. खरं तर पहिल्यांदा शून्य मांडून मग मोजायला लागणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम. साहेबांनी ते कधी केलंच नव्हतं, कारण करायची वेळच आली नव्हती.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मी कंपनीचं पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की सुरुवातीला फळ्यावर काय असेल याची हमी नाही.

"साहेब, एक कार्ड," मी म्हणालो. "आकडे शून्य करायचं एक कार्ड गठ्ठ्यात सरकवा. दोन मिनिटांचं काम."

"मग मी सही कशावर करू? बदल केलेला नाही, यावर?"

"कोणाला कळणार आहे?"

साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आज तुम्ही शून्य घालाल. पुढच्या वर्षी दुसरं कोणी एखाद्याचे वीस दिवस घालेल आणि म्हणेल, कोणाला कळणार आहे. ती सही त्यासाठीच आहे, नवे."

मी पुन्हा पुस्तकावर बोट ठेवलं. साहेबांनी ते मिटलं.

"पुस्तकात लिहिलं ते वचन. बारा वर्षं जसा वागला तो स्वभाव. माणूस वचनावर कुठे जगतो? तो स्वभावावर विसंबतो."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. सहा वापरलेल्या कार्डांवर, दोन्ही बाजूंनी, भोकं चुकवत. कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं, त्यात एकच वाक्य: 'जुन्या कंपायलरमधील सदर दोष नव्या कंपायलरमध्ये दूर करण्यात आला आहे.' साहेबांनी ते तीनच्या चहाला सर्वांसमोर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दोष," ते म्हणाले. "ज्याच्यावर माणसं बारा वर्षं सुखाने राहिली तो यांना दोष वाटतो."

सगळे हसले. गांगुर्डेबाई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. मार्च संपायला तीन दिवस राहिले होते.

"साहेब, तुमचं पटतं मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी फळा पुसून द्यायला हवा होता. नाही दिला. बालवाडीत माझ्या आधीच्या बाई कधीच पुसून जायच्या नाहीत. म्हणून मी काय शिकवायचीच थांबले का? जाऊन आधी पुसायचे, मग शिकवायचे."

"बाई, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, असं ठरलंय."

"प्रोग्रॅमला कोण हात लावतंय? आधी दुसराच प्रोग्रॅम चालवा. नुसता फळा पुसणारा. तो गेला की मग तुमचा गठ्ठा. जसाच्या तसा."

मी एवढा कोर्स करून आलेला, आणि मला हे सुचलं नव्हतं. साहेबांनी बशीतला चहा परत कपात ओतला. हे त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मग खिशातून एक कोरं कार्ड काढून तिथेच लिहायला बसले. अकरा ओळींचा प्रोग्रॅम झाला. त्याने एवढंच करायचं: सगळा फळा शून्यांनी भरायचा, आणि कागदावर एक ओळ छापायची, की फळा पुसला. कार्डं गांगुर्डेबाईंनी पंच केली. प्रोग्रॅमला नाव काय द्यायचं, असं मी विचारलं.

"डस्टर," बाई म्हणाल्या.

त्या दुपारी आधी स्टोअरची यादी मुद्दाम चालवली, मग डस्टर, मग हजेरी. कागद सरकत वर आला. सर्वांत वर ओळ: 'डस्टर. फळा पुसला.' खाली आठव्या ओळीत गांगुर्डेबाई. सहाशे बारा. बाईंनी डायरी उघडून पुन्हा एकदा पाहिली, जणू डायरी बदलली असेल. माळीकाकांचे दिवस आधीएवढेच आले आणि ते म्हणाले, "म्या तर पयलंच सांगितलं व्हतं."

साहेबांनी सही केली. बदल केलेला नाही. आणि खरोखरच केलेला नव्हता. यादी नोटीसबोर्डावर लागली तेव्हा युनियनच्या माणसांनी वरच्या ओळीचा अर्थ विचारला आणि गांगुर्डेबाईंनी तो बालवाडीच्या पद्धतीने सर्वांना समजावून दिला. कोणाचीही तक्रार आली नाही. एप्रिलच्या पहिल्या दिवशी बाई कायम म्हणून आल्या आणि रोजच्यासारख्याच बसल्या, फक्त एरवी कोणाच्या वाटेत नको म्हणून भिंतीला चिकटवलेली खुर्ची त्या दिवशी पुढे ओढून घेतली.

पुढे साहेब निवृत्त झाले, खिळ्याची गोष्ट घडली, आणि विभाग माझ्याकडे आला. वर्षभराने कंपनीकडून कंपायलरची सुधारलेली आवृत्ती आली. सोबत पत्र. त्यात लिहिलं होतं, की ग्राहकांच्या आग्रहास्तव, जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी, यापुढे प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी स्मृती पूर्वीप्रमाणे पुसून दिली जाईल. मी ते पत्र घेऊन उड्या मारत पंचवटीत गेलो. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलं.

"आता सुचलं त्यांना," म्हणाले. "मग? डस्टर काढलंत?"

"काढलं. आता त्याचं काय काम?"

साहेबांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. "हजेरीची यादी कधी लावणार?"

"सोमवारी."

"मग मंगळवारी या."

सोमवारी दहा वाजता यादी लागली आणि साडेदहाला माझ्या दाराशी पन्नास माणसं. पुढे माळीकाका. "यादीवर डस्टर नाय. आमी नाय मानत." मी टेबलावर चढून जे भाषण केलं ते केवळ अप्रतिम होतं. स्मृती, कंपायलर, सुधारलेली आवृत्ती, कंपनीचं पत्र, सगळं आलं त्यात. माणसांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि कोणी हललं नाही. मग गर्दीतून गांगुर्डेबाई पुढे आल्या. आता त्या पंचिंगच्या सुपरवायझर होत्या. त्यांच्या हातात अकरा कार्डांचा तो छोटा गठ्ठा होता. मी टाकून दिला होता, तो त्यांनी उचलून ठेवला होता.

"यंत्र आता स्वतःच पुसतं, बाई," मी टेबलावरूनच म्हणालो. "पुस्तकात लिहिलंय."

"लिहिलं असेल," त्या म्हणाल्या. "यांना कुठे दिसतं ते? यांना ती ओळ दिसते."

मी टेबलावरून उतरलो. गठ्ठा घेतला. पुसलेला फळा पुन्हा पुसायला डस्टर आधी चालवलं, मग हजेरी. आकडे अर्थातच तेच आले. वर ती ओळ आली आणि माणसं कामावर गेली. गठ्ठा ठेवताना पाहिलं, साहेबांनी ओढलेली तिरकी रेघ पार पुसट झाली होती. पेन्सिल घेतली आणि तिच्यावरूनच ती पुन्हा ओढली, ठळक.

मंगळवारी पंचवटीत गेलो. साहेबांनी फक्त माझ्या बोटाला लागलेलं पेन्सिलीचं काळं पाहिलं आणि आत वळून हाक दिली.

"अगं, चहा टाक. आमचे नवे जुने झाले."